थर सुटलाय? आधी मोजून बघ

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, मी सरांना विषय बदलून मागते." तुझी गाडी बडनेऱ्यात शिरत होती, आवाज तुटत होता, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. नंतर आईचा फोन आला. "पोरगी बराबर जेवत नाई, काहून तं इचार तिले," म्हणाली. विचारायची गरजच नाही गं, कारण मला ठाऊक आहे. एम.टेक.च्या प्रोजेक्टला मिळालेल्या विषयाचं नावच असं आहे की घास उतरू नये: कंपोझिट लॅमिनेटमधल्या सुटलेल्या थरांचं बकलिंग. तू दोन-चार पेपर उघडले असशील, पहिल्याच पानावर समीकरणांची रांग दिसली असेल, आणि चांदूर रेल्वेत बसून हे विचारायचं तरी कुणाला, असं झालं असेल.

विषय बदलू नकोस. तुझी समजूत काढायची म्हणून नाही सांगत. कंपोझिटचे पार्ट तपासण्यावरच माझं पोट चालतं, आणि त्या कामात ज्या एका दोषाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते तो नेमका हाच आहे. मोठी प्रयोगशाळा हाताशी नसलेल्या मुलीलाही यात खरं काम करता येतं. इतर बऱ्याच विषयांत तसं नाही. कसं ते सांगते, पण माझ्या क्रमाने. तू पेपर वाचते आहेस त्या क्रमाने नाही.

आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कपाटाचं दार आठव. पश्चिमेचं ऊन त्याच्यावर येतं. दोन-तीन उन्हाळे गेल्यावर त्याच्या सनमायकाला मधोमध फुगवटा आला, अंगठ्याने दाबला की टक् करून आत जायचा आणि सोडला की परत वर यायचा. सुतार म्हणाला, फेविकॉल सुटला. त्याचं बरोबरच होतं, पण ते अर्धंच कारण. चिकटपणा नुसता सुटला असता तर सनमायका जागच्या जागी सपाट पडून राहिला असता आणि आपल्याला कळलंही नसतं. तो फुगला, कारण पावसाळ्यात दमट हवेने त्या पत्र्याला खालच्या प्लायवुडपेक्षा जास्त वाढायचं होतं आणि चारही कडांनी तो अजून घट्ट चिकटलेला होता. वाढायला जागा नाही म्हणजे आडवा दाब. दाब सोसेना म्हणून जिथे खालून पकड गेली होती तिथे तो वर उचलला गेला. तुझा सगळा विषय त्या दारावर आहे: आधी थर सुटला, मग त्याच्यावर दाब आला, मग तो फुगला (हेच बकलिंग), आणि फुगवट्याची कड उरलेली चिकट जागा ओढून उकलू लागली. पुढच्या वर्षी फुगवटा मोठा झाला होता, हेही आठवत असेल.

आता दाराच्या जागी विमानाच्या पंखाची कातडी ठेव. कार्बन फायबरची एक प्लाय साधारण ०.१२५ ते ०.२ मिलिमीटर जाडीची असते. अशा प्लाय एकावर एक, कुणाचे धागे सरळ, कुणाचे ४५ अंशात, कुणाचे आडवे, अशा रचतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये दाब आणि उष्णता देऊन पक्क्या करतात. धाग्याच्या दिशेने ओढलं तर अशी प्लाय दीड-दोन हजार मेगापास्कल सहज झेलते. धाग्याला आडवं ओढलं तर पन्नासच्या आसपास संपते. आणि दोन प्लायच्या मध्ये तर धागा नसतोच, तिथे फक्त रेझिन. म्हणजे इतक्या ताकदवान वस्तूचा कच्चा भाग तिच्या थरांच्या मधोमध लपलेला असतो आणि बाहेरून तो दिसत नाही.

थर सुटायला मोठा अपघात लागत नाही. ले-अप करताना प्रीप्रेगच्या बॅकिंग फिल्मचा तुकडा आत राहिला, तर तिथे डिलॅम, म्हणजे सुटलेला थर, तयारच मिळतो. भोक पाडताना ड्रिल बोथट असेल तर शेवटच्या प्लाय ढकलल्या जाऊन सुटतात. जिथे प्लाय मध्येच संपवून जाडी कमी केलेली असते तिथे, आणि कापलेल्या उघड्या कडांना, मूळचाच ताण जास्त असतो. पण सगळ्यात फसवा म्हणजे मार. हातातून निसटलेला पाना, धावपट्टीवरून उडालेला खडा, गार. फाल्गुनात आपल्याकडे संत्र्याच्या बागा झोडपते तीच गारपीट. धातूच्या पत्र्यावर अशा माराने पोचा पडतो आणि तो डोळ्याला दिसतो. कार्बनच्या लॅमिनेटवर वरून जेमतेम एखादा ओरखडा असतो, आणि आत एकेका सांध्यावर शेंगदाण्याच्या टरफलासारख्या आकाराचे डिलॅम पसरलेले असतात. ते माराच्या बाजूला लहान आणि खोल जाल तसे मोठे. म्हणजे ज्या बाजूने आपण बघतो त्याच बाजूला इजा सगळ्यात कमी.

असा मार खाल्लेला तुकडा ओढून बघितलास तर तो जवळपास पहिल्याइतकाच भार घेईल, कारण धागे शाबूत आहेत आणि ओढल्यावर सुटलेले थरही सरळच राहतात. तोच तुकडा दाबलास तर ताकद निम्म्यापर्यंतही खाली येते. म्हणून या क्षेत्रात माराचा तुकडा दाबूनच तपासतात. १०० बाय १५० मिलिमीटरची पाटी, आधी ठरलेला मार, मग दाब. अमेरिकन मानकांत याला एएसटीएम डी ७१३६ आणि डी ७१३७ असे क्रमांक आहेत. ही मानकं तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात मिळतात का बघ, नसतील तर मागव. पेपरांच्या आधी मानक वाच. लोक नेमकं काय मोजतात ते पेपरात अर्धवट कळतं आणि मानकात पूर्ण कळतं.

आता गणित. ऑयलरने १७४४ साली बारीक कांबीच्या वाकण्याचं गणित मांडलं, ते तू डिप्लोमापासून करते आहेस. दोन्ही टोकं पक्की धरलेली कांब, जाडी एच, लांबी एल. सुटलेला थर म्हणजे अशीच एक कांब, टोकं कशाने धरली आहेत तर न सुटलेल्या लॅमिनेटने. तुझं ते सूत्र प्रतिबळाऐवजी विकृतीत लिहिलं की उरतं एवढंच: जाडीला लांबीने भाग, त्याचा वर्ग कर, त्याला ३.२९ ने गुण. बस. यात पदार्थाचं नावसुद्धा नाही.

अंक घालून बघ. चार प्लाय सुटल्या, एकूण जाडी अर्धा मिलिमीटर. सुटलेल्या भागाची लांबी १० मिमी असेल तर तो थर ०.८ टक्के दाब-विकृतीला फुगेल. एवढी विकृती रचनेत कुणी येऊच देत नाही, म्हणजे काळजी नाही. लांबी २० मिमी, तर ०.२ टक्के. लांबी ४० मिमी, तर ०.०५ टक्के, म्हणजे किरकोळ भारालाही फुगणार. आता याच्या शेजारी एक आकडा ठेव: विमानाच्या कार्बन रचनेत माराची इजा धरून चालायची तर दाबाची डिझाइन विकृती पूर्वापार ०.३ ते ०.४ टक्क्यांच्या आसपास अडकून राहिली आहे, आणि हाच धागा ओढताना दीड टक्क्यापर्यंत जातो. इतकी ताकद हाताशी असून वापरता येत नाही, त्याचं एक मोठं कारण हा पापुद्र्याएवढा थर आहे. हा तक्ता वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या हाताने कर. जाडी दोन प्लायपासून आठ प्लायपर्यंत, लांबी १० पासून ६० मिमीपर्यंत. तासाभराचं काम आहे, आणि ते झाल्यावर तुला कुठलाही पेपर परका वाटणार नाही.

पण बाई, बहुतेक मुलं इथेच थांबतात आणि प्रबंध संपवतात. फुगण्याचा भार काढला, आलेख काढला, झालं. फुगला म्हणजे मोडला असं नाही. किती तरी डिलॅम फुगतात आणि वर्षानुवर्षं तसेच राहतात. विचारायचा प्रश्न पुढचा आहे: फुगल्यावर तो पसरेल का?

हा प्रश्न १९८१ साली दोन ठिकाणी नीट मांडला गेला. कॅलटेकमध्ये चाय, बॅबकॉक आणि नॉस या तिघांनी एका मितीतलं साधं प्रतिरूप केलं, आणि नासाच्या लँग्ली केंद्रातल्या व्हिटकॉमने त्याच सुमारास फायनाइट एलिमेंटने फुगवट्याच्या कडेची ऊर्जा काढली. त्याआधी १९७६ मध्ये रशियात काचानोव्हने याला हात घातला होता. तू चाय-बॅबकॉक-नॉस यांचा पेपर घे आणि दुसरा कुठलाही वाचायच्या आधी तो पुरता समजून घे. त्यातला पातळ थराचा भाग तुझ्या हातचा आहे. कल्पना अशी: थर फुगला की त्याच्यातली साठलेली ऊर्जा थोडी मोकळी होते. फुगवटा एक मिलिमीटर पुढे सरकला तर किती ऊर्जा सुटेल ते काढायचं आणि रेझिन फाडायला लागणाऱ्या ऊर्जेशी ताडायचं. सुटणारी जास्त असेल तर तो पसरेल.

हिशेबाअंती जी राशी येते तिच्यात दोनच विकृती आहेत, एक बाहेरून लावलेली आणि एक थर फुगायची. दोघींची वजाबाकी, गुणिले पहिली अधिक दुसरीची तिप्पट, गुणिले थराचा ताठरपणा आणि जाडी, भागिले दोन. ही राशी लांबीसोबत कशी बदलते ते बघ, मला यात अजूनही दर वेळी आनंद वाटतो. डिलॅम लहान असताना तो फुगतच नाही, सुटणारी ऊर्जा शून्य. लांबी वाढली की फुगतो आणि ऊर्जा झपाट्याने चढते. फुगायची विकृती लावलेल्या विकृतीच्या एक तृतीयांशाला आली की ऊर्जा शिखरावर पोचते. त्यापुढे डिलॅम कितीही मोठा झाला तरी ऊर्जा हळूहळू उतरत जाते आणि एका किमतीला टेकते. म्हणजे सगळ्यात धोक्याचा डिलॅम सगळ्यात मोठा नसतो, मधल्या आकाराचा असतो.

याचेही आकडे घाल. समज, थराचा ताठरपणा ६० गिगापास्कल, जाडी तीच अर्धा मिमी, आणि रेझिन उकलायला चौरस मीटरमागे २५० जूल लागतात. बाहेरून ०.३ टक्के दाबलं. तर १६-१७ मिमीपेक्षा लहान डिलॅम फुगणार नाहीत, शिखर २९ मिमीच्या आसपास येईल, आणि शिखरावरही ऊर्जा १८० जूल. लागतात २५०. म्हणजे फुगेल, पण जागचा हलणार नाही. आता विकृती ०.४ टक्के कर. शिखर ३२० जूलवर जातं. अठरा मिमीचा डिलॅम पसरायला लागेल, आणि या साध्या हिशेबाने तो जवळपास १०० मिमीपर्यंत थांबणार नाही. ०.३ आणि ०.४ मध्ये एवढाच फरक, पण एका बाजूला निर्धास्त झोप आणि दुसऱ्या बाजूला पंखाची कातडी उकललेली. आपल्या कामात इन्स्पेक्टर आणि डिझायनर यांच्यात दशांशावरून वाद का होतात ते यावरून कळेल.

खऱ्या तुकड्यात तो बहुधा १०० मिमीच्या आधीच थांबतो. त्याचंही कारण शिकून घे, तोंडी परीक्षेत विचारतातच. फुगवट्याची कड सुरुवातीला तोंड उघडल्यासारखी उकलते, त्याला मोड एक म्हणतात. फुगवटा वाढत जातो तसा उघडण्याचा वाटा कमी होतो आणि घसरण्याचा, म्हणजे मोड दोनचा, वाटा वाढतो. घसरून उकलायला रेझिन दुप्पट-तिप्पट ऊर्जा मागते. म्हणून तुझ्या हिशेबात २५० हा आकडा स्थिर धरू नकोस, लांबीनुसार वाढव. मोड एकची किंमत डबल कॅन्टिलिव्हर बीमच्या चाचणीतून मिळते, तिचा क्रमांक डी ५५२८, आणि मोड दोनची डी ७९०५ मधून. या दोन चाचण्या तुझ्याच रेझिनवर तू स्वतः केल्यास तर तुझा प्रबंध दुसऱ्यांच्या आकड्यांवर उभा राहणार नाही.

हे सगळं कुठे लागतं, असं घरी विचारतात ना? बाबांना सांग, नागपूरला मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७ चे कंपोझिट फ्लोअर बीम झाले आहेत. प्रवासी ज्या फरशीवर पाय ठेवतात तिच्याखालची ती तुळई. वरून वजन आलं की तुळईची वरची बाजू दाबली जाते, आणि दाबलेल्या बाजूचा डिलॅम म्हणजे तुझा विषय. त्या विमानाच्या वजनातला निम्मा भाग कंपोझिटचा आहे. तेजसच्या हवाई सांगाड्याच्या वजनातले साधारण ४५ टक्के कंपोझिट आहेत, आणि ते विमान आता नाशिकजवळ ओझरलाही जोडलं जातं. पवनचक्कीचं पातं तर आपल्या महाराष्ट्रात साताऱ्याच्या वनकुसवड्यापासून धुळ्याच्या ब्राह्मणवेलपर्यंत डोंगराडोंगरावर फिरतंय. वाऱ्याने पातं मागे वाकतं, मागची बाजू दाबली जाते, आणि तिथल्या जाड काचतंतूच्या पट्टीत थर सुटला असेल किंवा सुरकुती राहिली असेल तर तिथून सुरुवात होते. पुण्याच्या सुझलॉनने २००८ साली अमेरिकेतल्या आपल्या एस-८८ चक्क्यांची १,२५१ पाती भेगांमुळे दुरुस्तीला घेतली होती. त्या भेगा तुझ्या विषयातल्याच होत्या असा माझा दावा नाही. पण पात्यातला दोष वेळेत न सापडला तर हिशेब किती पात्यांपर्यंत जातो, ते त्या आकड्यावरून समजतं.

आणि एक घटना तू मुळातून वाचावीस अशी माझी फार इच्छा आहे. ६ मार्च २००५. एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए-३१० क्यूबातल्या वाराडेरोहून कॅनडातल्या क्वेबेकला निघालं आणि हवेत त्याचं रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, जवळजवळ संपूर्ण तुटून गेलं. वैमानिकांनी विमान परत वाराडेरोला उतरवलं, कुणाचा जीव गेला नाही. कॅनडाच्या तपासात निष्कर्ष निघाला तो असा की रडरच्या सँडविच पॅनेलमध्ये कातडी आणि गाभा यांच्यातली पकड आधीच कुठेतरी सुटली असावी आणि ती उड्डाणात वाढत गेली असावी. बाहेरून रडर धडधाकट दिसत होतं. तो अहवाल कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने प्रसिद्ध केलेला आहे. एवढा वाचलास की दुसऱ्या कुठल्या प्रेरणेची गरज पडणार नाही.

आता तुझ्या कामाचं. कॉलेजात ऑटोक्लेव्ह नाही, आतला सुटलेला थर दाखवणारं सी-स्कॅनचं यंत्र नाही, म्हणून तू रडकुंडीला आली आहेस. मग कार्बन घेऊच नकोस. काचतंतू आणि इपॉक्सी घे. काचेचं लॅमिनेट अर्धपारदर्शक असतं. पाठीमागून दिवा धरलास की सुटलेला भाग पांढुरका दिसतो, आणि दाब वाढत जाताना त्याची कड सरकताना डोळ्यांनी दिसते, मोबाइलच्या कॅमेऱ्यात टिपता येते. कार्बनवाल्यांना ज्यासाठी लाखोंचं यंत्र लागतं ते तुला एका बल्बमध्ये मिळेल. तुझ्या विषयासाठी काच ही तडजोड नाही, चांगली निवड आहे. सरांना हे असंच सांग.

डिलॅम मुद्दाम ठेवायला पातळ टेफ्लॉन फिल्म वापर. ती शक्य तितकी पातळ हवी, मानकात १३ मायक्रॉनची मर्यादा आहे. जाड फिल्म घातलीस तर तिच्या टोकाशी रेझिनचा थेंब साचतो आणि उकलायला लागणारी ऊर्जा खोटी मोठी दिसते. व्हॅक्यूम बॅगिंग आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी करू नकोस. अमरावतीला पारा ४४-४५ ला गेला की इपॉक्सी भांड्यातच तापून गोळा होते, पसरायला वेळच देत नाही. पहाटे कर, रेझिन थोडं-थोडं कालव. पावसाळ्यात उलट त्रास, ओल धरलेलं कापड वापरलंस तर आत बुडबुडे राहतात आणि तुझ्या ठेवलेल्या डिलॅमऐवजी भलताच सुटतो. कापताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नकोस. मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या. ओढणी काढून ठेव, केस बांध.

थर फुगला हे कसं ओळखायचं? तुकड्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकींच्या पाठीला पाठ लावून दोन स्ट्रेन गेज चिकटव, फुगणाऱ्या थरावर एक आणि त्याच्या मागे एक. सुरुवातीला दोघी एकसारख्या चालतात. ज्या क्षणी त्यांच्या रेषा फाटतात, तो क्षण तुझा. पण एक गोष्ट आधीच माहीत असू दे: रेषा टोकदार फाटत नाहीत, हळूहळू दूर जातात. सुटलेल्या तीन-चार प्लायचा क्रम स्वतःपुरता सममित नसतो. तो दाबला की लगेच थोडा वाकायलाही लागतो, तुझ्या पुस्तकातला बी-मॅट्रिक्स शून्य नसतो ना, म्हणून. पुस्तकातलं स्वच्छ बकलिंग शोधत बसलीस तर मिळणार नाही, आणि त्यात तुझ्या हाताचा दोषही नाही. शिवाय फक्त तो थर फुगतोय की पूर्ण तुकडाच वाकतोय, हे बाजूने बघून ठरव. तुकडा वाकत असेल तर आधाराच्या पट्ट्या लाव, मधे खिडकी ठेवून.

सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. आता तुम्ही मुलं पहिल्या दिवशीच मॉडेल उघडता आणि रंगीत चित्रं छापता. आयगेनव्हॅल्यूचं बकलिंग लावलंस तर बऱ्याचदा सुटलेला थर खालच्या लॅमिनेटच्या आरपार गेलेला दिसेल, कारण त्या हिशेबाला दोघांनी एकमेकांत शिरू नये हे माहीतच नसतं. त्या चित्राखाली आकडा असतो आणि तो खराच वाटतो. म्हणून संपर्काची अट घाल, थराला अगदी बारीक मूळचा बाक दे, आणि नॉनलिनिअर पायऱ्यांनी भार चढव. कडेच्या ऊर्जेसाठी क्रॅक क्लोजरची पद्धत घे की कोहेसिव्ह एलिमेंट, हे सरांशी बोलून ठरव. दोन्ही चालतात. पण जे घेशील त्याचं उत्तर आधी तुझ्या त्या वहीतल्या साध्या कांबीच्या हिशेबावर पडताळ. संगणकाने कांबीचं उत्तर दिलं नाही तर गोल डिलॅमचं काय देणार?

नोकरीचं आई विचारेल, म्हणून तुलाच आधी सांगते. दर गावात कारखाना नाही, चांदूरला राहून हे होणार नाही, नागपूर, नाशिक, पुणे, गोवा नाहीतर बंगळुरू गाठावं लागेल. पण जिथे जाशील तिथे तपासणीच्या टेबलावर तुला कमी लेखणारा माणूस फार दिवस टिकत नाही, कारण सुटलेला थर आवाजात कळतो, नाण्याने ठोकून ऐकायचा असतो, आणि ज्याला कळतो त्याचं ऐकावंच लागतं. हात आणि कान तयार करायला चांगली दोन वर्षं लागतात. मोठे बाबा म्हणतील पोरीला इतकं दूर काहून पाठवता. ते मी बघते, तू त्या वादात पडू नकोस.

तेव्हा सोमवारी सरांकडे जाशील ती विषय बदलायला नाही. तीन गोष्टी घेऊन जा: जाडी-लांबीचा तक्ता, ०.३ आणि ०.४ टक्क्यांचा ऊर्जेचा आलेख, आणि काचतंतू वापरायचा प्रस्ताव एका पानावर. रविवारी संध्याकाळी मला तक्त्याचा फोटो पाठव, मी आकडे तपासून देते. आणि दाबाची चाचणी कधीही एकटीने करू नकोस. काचेचा तुकडा फुटताना कपच्या उडतात. यंत्राला जाळी लावलेली असू दे, लॅब असिस्टंट शेजारी असू दे, आणि त्या दिवशी डबा खाऊन मगच लॅबमध्ये जा.